त्रिनिदादची ओळख ‘भारतीय वंशाचे’ एवढीच?

महोदय,

एप्रिल 2025 ची निवडणूक जिंकून कमला पर्साद-बिसेसर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या आणि जुलैत आपले पंतप्रधान त्यांच्या देशाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्रिनिदाद आणि टोबॅगोबद्दल आपल्याकडे बरेच छापून आले. पूर्वज बिहारचे, स्वागताला भोजपुरी चौताल, हे वाचून मलाही बरे वाटले. पण ‘आपली माणसे तिकडे राज्य करतात’ यापलीकडे तो देश चालतो कसा, हे माझ्या वाचनात आले नाही. राज्यशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही उणीव फार बोचते, म्हणून हे पत्र.

तिथे भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार ते सुमारे 35 टक्के, आफ्रिकी वंशाचे 34 टक्के आणि मिश्र वंशाचे 23 टक्के. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना उसासाठी स्वस्त मजूर हवे होते. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, घेऊन तिथे पोचले आणि 1917 पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे त्याच वाटेने गेली. नुकत्याच मुक्त झालेल्या आफ्रिकी गुलामांची मजुरी त्यामुळे दबलेलीच राहिली. दोन समाजांतल्या दुराव्याचे मूळ तिथे आहे. ते लावले इंग्रज मळेवाल्यांनी. तरीही 1937 च्या संपानंतर कृष्ण देवनारायण ऊर्फ ॲड्रियन कोला रिएन्झी या वकिलाने तेल कामगार आणि ऊस कामगार अशा दोन्ही संघटनांचे अध्यक्षपद सांभाळले. तेलात मुख्यतः आफ्रिकी वंशाचे, उसात भारतीय वंशाचे. रिएन्झींचे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक असते?

मराठी माणसाला पोर्ट ऑफ स्पेन ठाऊक आहे ते 1971 मुळे. वाडेकरांचा संघ तिथे जिंकला, सरदेसाईंचे शतक झाले, गावसकरांनी शेवटच्या कसोटीत 124 आणि 220 धावा काढल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिथे निवडणूक झाली. प्रमुख विरोधकांनी बहिष्कार टाकल्याने तेव्हाचे पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या पक्षाला सर्वच्या सर्व 36 जागा मिळाल्या. स्वातंत्र्य (31 ऑगस्ट 1962) मिळून नऊ वर्षेही झाली नव्हती आणि निवडून आलेल्या सभागृहात विरोधी पक्षच उरला नव्हता. असे देश पुढे एकपक्षीय होतात. हा झाला नाही. 1976 मध्ये तो प्रजासत्ताक झाला, आणि 1986 मध्ये मतदारांनी विल्यम्स यांच्या पक्षाला 36 पैकी 3 जागांवर आणून ठेवले.

तेव्हा पंतप्रधान झालेले ए. एन. आर. रॉबिन्सन टोबॅगो या धाकट्या बेटावरचे. 27 जुलै 1990 रोजी ‘जमात अल मुस्लिमीन’ या कट्टर मुस्लिम संघटनेच्या सशस्त्र लोकांनी संसद ताब्यात घेतली, त्यात ते ओलीस होते. सैन्याला मागे फिरायचा आदेश द्या म्हणून त्यांच्यावर दबाव आणला गेला. त्यांनी उलट पूर्ण ताकदीनिशी हल्ला करा असे सांगितले आणि पायात गोळी झेलली. सहाव्या दिवशी बंडखोर शरण आले. 1995 मध्ये दोन मोठ्या पक्षांना 17-17 जागा अशी स्थिती असताना याच रॉबिन्सन यांच्या पक्षाच्या दोन जागांच्या जोरावर बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले.

खरी कसोटी लागली डिसेंबर 2001 मध्ये. पांडे यांना 18 जागा, विल्यम्स यांच्याच पक्षाचे नेते पॅट्रिक मॅनिंग यांनाही 18. राज्यघटनेत बरोबरीला उत्तर नव्हते. राष्ट्रपती ठरवतील ते मान्य, असे दोघांनीही कबूल केले होते. राष्ट्रपती होते रॉबिन्सन. त्यांनी घटनेच्या प्रास्ताविकेतल्या नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचा आधार घेऊन मॅनिंग यांना नेमले. पांडे सत्तेवर होते, एकूण मतेही त्यांच्याच पक्षाला जास्त होती. माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता. प्रास्ताविकेतल्या भावनेवरून पंतप्रधान निवडायचा पायंडा कोणत्याही देशात घातक. पांडेंनी तो मानला नाही. एप्रिल 2002 मध्ये संसद भरली तर सभापतीही निवडता येईना. एक समाज एका पक्षामागे, दुसरा दुसऱ्यामागे, आणि सरकारला बहुमत नाही. एवढे होऊनही प्रश्न सुटला तो ऑक्टोबर 2002 मधल्या फेरमतदानाने. मॅनिंग यांना 20 जागा मिळाल्या, पांडे यांना 16. पुढच्या, म्हणजे 2007 च्या निवडणुकीपासून जागा 41 झाल्या, म्हणजे विषम. जानेवारी 2021 मध्ये टोबॅगोच्या विधानसभेत 6-6 झाले, तेव्हाही जागा 15 करून त्याच वर्षी पुन्हा मतदान घेतले.

तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. डिसेंबर 2024 मध्ये टोळीयुद्धांमुळे आणीबाणी पुकारावी लागली. कॅरिबियन देशांच्या सामायिक न्यायालयाचे मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्ये असूनही त्रिनिदादचे शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश न्यायपीठाकडे जाते, हे तर मला पटतच नाही.

आपल्या रविवार पुरवणीला विनंती, की या देशाच्या राज्यघटनेवर एक सविस्तर लेख द्यावा. 31 जणांच्या सिनेटमध्ये राष्ट्रपती नऊ अपक्ष सदस्य नेमतात; ते सरकारी विधेयके कशी अडवतात किंवा सुधारतात, एवढे जरी त्यात आले तरी महाविद्यालयातल्या मुलांना वाचायला काही मिळेल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, मिरज