बाबा, रजिस्ट्रेशनचे पैसे भरू नका

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुम्ही "बघू गं" म्हणता आणि आई चहा ठेवायला उठते. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा, घाई नाही.

बाबा, तुम्ही मला पुढे पाठवलेला मेसेज मी नीट वाचला. घरबसल्या डेटा एन्ट्री, महिन्याला पंचवीस हजार, वयाची अट नाही, आधी रजिस्ट्रेशनचे २,५०० भरायचे आणि ते "पहिल्या पगारात परत". कृपा करून हे पैसे भरू नका. ज्याला तुमच्याकडून काम करून घ्यायचंय तो तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. आणि गोष्ट अडीच हजारांवर थांबली असती तर मी एवढं लिहिलंही नसतं. पैसे भरले की ते करारावर सही घेतात. मग अंधुक फोटो पाठवतात, त्यातला मजकूर अमुक दिवसांत टाइप करायचा, चूक ठरावीक टक्क्यांच्या वर जाता कामा नये. मजकूर मुद्दामच वाचता येणार नाही असा असतो. मुदत संपली की फोन सुरू होतात: काम नापास झालं, करार मोडलात, दंड भरा, नाहीतर कोर्टात भेटू. वकिलाच्या नावाची, शिक्का मारलेली नोटीस व्हॉट्सअॅपवर येते. ज्या माणसानं जन्मात कुणाचा रुपया बुडवला नाही तो अशा नोटिशीनं हादरतो आणि गुपचूप पैसे भरतो. त्यांना नेमका तुमच्यासारखाच माणूस हवा असतो.

याच जातीचे आणखी दोन प्रकार सांगून ठेवते. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला स्टार द्या आणि दिवसाला दोन-तीन हजार कमवा, असं सांगतात. पहिल्या दिवशी शंभर-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात आणि माणूस तिथंच फसतो. नंतर "मोठं काम" घ्यायला आधी पाच हजार, मग वीस, मग पन्नास भरायला लावतात. स्क्रीनवर आकडा वाढत राहतो, खात्यात काहीच येत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. "तुमचं खातं वापरू द्या, पैसे येतील ते पुढे पाठवा, कमिशन तुमचं." तो कुणातरी लुबाडलेल्या माणसाचा पैसा असतो. खातं गोठतं आणि पोलीस आपल्या दारात येतात. कुणी कितीही ओळखीचा निघाला तरी खातं, एटीएम कार्ड, सिम द्यायचं नाही. कधी चुकून पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा. जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मला नंतर सांगितलंत तरी चालेल, आधी १९३०.

शेजारचे काका ऑप्शनचं ट्रेडिंग, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैसे लावायचा व्यवहार, शिकवतो म्हणतात, त्याबद्दलही एकदाच बोलते. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ च्या सप्टेंबरात स्वतःचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांचं नुकसान झालं, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. काका चांगले आहेत, पण तुमच्या पीएफची रक्कम या रस्त्यानं जाता कामा नये.

आता तुमची अडचण काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून तेही लिहिते. सारी हयात साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काढून हातात येते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, पेन्शन. तिचं गणित तुम्हीच मला समजावलं होतंत, पगाराला कमाल मर्यादा आणि त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरानं भागायचं. त्यातून किती येणार? २०१४ पासून किमान १,००० रुपयांची हमी आहे, पण हजारात आज गॅसची टाकी आणि दुधाचं बिलसुद्धा भागत नाही. मी आणि दादा पाठवतो ते पैसे तुम्ही वेगळ्या खात्यात तसेच ठेवता, हेही मला कळलंय. बाबा, आईच्या बीपीच्या गोळ्या आणि तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्या पैशांतूनच व्हायला हवं. जोडकमाई करायची तर जरूर करा, माझा विरोध नाही, उलट मला ती व्हायला हवीय. पण औषधं आणि किराणा तिच्यावर टांगून ठेवायचा नाही. ती एखाद्या महिन्यात आली नाही तरी घर चाललं पाहिजे.

मग खरंच जमेल असं काय आहे? मी गेले काही आठवडे इथे पुण्यात विचारत फिरले. दोघांचं मिळून आठ-दहा हजार महिन्याला, तेही पाच-सहा महिने नीट चालवल्यावर, हा मला प्रामाणिक आकडा वाटतो. यापेक्षा मोठा आकडा कुणी सांगितला तर मला फोन करा.

बाबा, तुमच्यासाठी सगळ्यात सरळ काम म्हणजे हिशेबाचंच. तालुक्याच्या गावातल्या कापड दुकानदाराला, मेडिकलवाल्याला, खतं-बियाणांच्या दुकानाला पूर्ण वेळचा अकाउंटंट परवडत नाही. तो बिलं पिशवीत भरून सीएकडे नेतो आणि सीएकडे त्या नोंदी करायला माणसं कमी पडतात. ही बिलं आता फोटो काढून पाठवता येतात आणि तुम्ही घरी बसून टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवू शकता. तुम्ही कामगार सोसायटीचे हिशेब टॅलीतच ठेवत होतात. नवीन टॅलीप्राइम दिसायला वेगळं आहे, पण एफ५ ला पेमेंट, एफ८ ला सेल्स, एफ९ ला पर्चेस, त्या कळा त्याच आहेत. एका दिवसात बोटं बसतील. जीएसटी आला २०१७ ला, तेव्हा एक्साइजची रजिस्टरं मिटून नव्या नोंदी लावताना तुम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत थांबत होतात. ते ज्ञान वाया गेलेलं नाही.

या कामाला महिन्याची एक लय आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, अकरा तारखेपर्यंत, चौदाला पुरवठादारांच्या बिलांची यादी, २बी, येते, ती आपल्या खरेदीशी ताडून बघायची, आणि कर भरायचं ३बी वीसपर्यंत. म्हणजे महिन्याचे पहिले वीस दिवस दोन-तीन तास रोज, नंतरचे दहा दिवस मोकळे. ताडून बघण्याच्या कामात तुमची बरोबरी करणारा माणूस मी अजून पाहिला नाही. एक बिल चुकीच्या जीएसटी नंबरवर पडलं तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे दुकानदाराचं क्रेडिट, अडकतं, आणि असली चूक तुमच्या नजरेतून सुटत नाही. लहान दुकानामागे महिन्याला दीड ते दोन हजार मिळतात असं मला दोघा सीएंनी सांगितलं. तीन दुकानांपलीकडे घेऊ नका, डोळे बघायचेत. रिटर्नवर सही-जबाबदारी सीएची राहील, तुम्ही फक्त नोंदी. आणि कुणी "स्क्रीन शेअर करा" म्हणून अॅप टाकायला सांगितलं, तर ते फक्त त्या ओळखीच्या सीएच्या ऑफिसातून, आधी फोनवर बोलून. अनोळखी माणसाला कधीच नाही.

गल्लीतल्या पोरांना तुम्ही शिष्यवृत्तीचं गणित आणि बुद्धिमत्ता फुकट शिकवता, ते तसंच चालू ठेवा, त्याचे पैसे घ्या असं मी म्हणणार नाही. पण इथे माझ्या सोसायटीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवणारं कुणी मिळत नाही. सहा मुलांची एक बॅच, आठवड्याला तीन संध्याकाळी, मुलामागे पाचशे. झूमवर फुकटचा वर्ग चाळीस मिनिटांनी तुटतो, गूगल मीटवर तासभर चालतो, म्हणून मीटच घेऊ. फळ्याऐवजी वहीवर फोन उलटा लावायचा स्टँड मी आणते. पालक आधी आठवडाभर फुकट बसून बघतील, मग ठरवतील.

आई, आता तुझं. तुला वाटतं तुला "ऑनलाइन" काही येत नाही. तुझी कांदा-लसूण चटणी माझ्या ऑफिसात किती जणींच्या डब्यात आहे याची तुला कल्पना नाही. सांगली-कोल्हापूरकडची मुलं इथे खोलीवर राहतात, त्यांना आमटीला ती चटणीच लागते, आणि दुकानातल्या पाकिटाला तो वास नसतो. तू मिरची ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला घेतेस, देठं खुडून दोन उन्हं देतेस, कांदा उभा चिरून वाळवून तळतेस, खोबरं वेगळं भाजतेस आणि स्वतः डंकापाशी, मसाला कुटायच्या गिरणीत, उभी राहून कुटून आणतेस. लोक पैसे देतील ते तुझ्या या उभं राहण्याचे.

पण भाव लावताना तू नेहमी स्वतःला विसरतेस. मागच्या खेपेचा हिशेब मी मांडून बघितला. किलोभर मिरचीची चटणी साधारण सव्वादोन किलो उतरते. मिरची, खोबरं, कांदा, लसूण, धणे, तीळ, गरम मसाला, तेल, डंकाचे पैसे धरून किलोला चारशेच्या आसपास पडते. तू शेजारणींना साडेचारशेला दिलीस. गॅस, पिशवी, तुझे दोन दिवस, सगळं त्या पन्नासात? साडेसातशे लाव. पाकीट आणि खराब जाणारा माल वजा जाता किलोमागे अडीच-तीनशे उरतात. कुरिअर गिऱ्हाइकाचं. महिन्याला बारा-पंधरा किलोच्या वर ऑर्डर घ्यायची नाही, तुझे खांदे दुखतात. बारा किलोचे तीन-साडेतीन हजार झाले तरी ते तुझे स्वतःचे, तुझ्या खात्यात.

विकायला आधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागते, घरगुती असलं तरी. आपल्याएवढ्या लहान कामाला साधी नोंदणी पुरते, सरकारी फी वर्षाला शंभर रुपये, त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर आपणच भरायची, एजंटला हजार-दोन हजार द्यायचे नाहीत. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. शिवाय काय काय घातलंय, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरायची, किंमत, आपला पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. लेबल मी करून देते. व्हॉट्सअॅप बिझनेसवर तुझं कॅटलॉग लावू, फोटो, भाव, ऑर्डरचे दिवस. तेवढं दुकान पुरे. पैसे घेताना एक लक्षात ठेव: येणाऱ्या पैशाला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजायचं, आपले पैसे जाताहेत. "मिलिटरी कॅम्पातून बोलतोय, वीस किलो हवी, हा क्यूआर स्कॅन करा" असे फोन घरगुती विक्रेत्यांना येतात. सरळ ठेवून द्यायचा.

तुझ्या भाचीनं यूट्यूब चॅनेल काढ म्हटलंय. काढ, आवड म्हणून. कमाईसाठी मात्र त्यावर बसू नको. जाहिरातींचा वाटा मिळायला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलेले लागतात, आणि पुढेही शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. भाषांतराचं काम बाबांना सुचवलं होतं मी, तेही सध्या बाजूला ठेवते. यंत्र कच्चं भाषांतर करून देतं, माणसाकडे फक्त तपासणी येते आणि तिचे दर उतरलेत.

मी या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय, रविवार पूर्ण आहे. दोघांची आधार कार्डं, पासपोर्ट फोटो आणि लाइटबिल काढून ठेवा, आईची नोंदणी तिथेच करून टाकू. बाबा, स्टँडजवळच्या सीएंशी मी बोलले आहे, त्यांनी सोमवारी अकराला तुम्हाला बोलावलंय, एक महिना एकाच दुकानाचं काम देऊन बघतो म्हणाले. आणि आई, या खेपेला सहा किलोची मागणी आताच माझ्याकडे आहे. पैसे त्यांच्याकडून आगाऊ घेतलेत, ते घेऊनच येते. तेव्हा मिरची उधारीवर आणायची नाही.

तुमची,
मनू