फ्राइड राइस घरी करायचा तो असा

नाशिक,
१९ एप्रिल

ती. आई व ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, दर शनिवारी चोपड्याच्या बसस्टँडजवळच्या गाडीवरून तुम्ही फ्राइड राइसचं पार्सल आणता, ते बंद करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. भाकरी, वरण आणि वांग्याच्या भरितावर जन्म काढलेल्या माणसाला सत्तरीत एखादी नवी चव आवडली, तर ती त्याला मिळायलाच हवी. पण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय आणि त्या पार्सलमध्ये मीठ किती पडलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. घरी केलं की चमचा आपल्या हातात राहतो, म्हणून हा खटाटोप. आईला फोनवर थोडं सांगितलं होतं, पण फोनवरचं राहत नाही. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

आधी भात, कारण भात चुकला की पुढे काही करून उपयोग नाही. आई, खिचडीचा तांदूळ यात नको. खिचडीला मऊ, जरा चिकट होणारा तांदूळच गोड लागतो. इथे मात्र दाण्याला दाणा चिकटता कामा नये. लांब दाण्याचा जुना बासमती घे, तुकडा नको. तो नसेल तर जुना कोलम चालेल. दोघांना एक वाटी पुरते. पाणी नितळ दिसेपर्यंत तीन-चारदा धू आणि वीसेक मिनिटं भिजव. कुकर लावूच नकोस. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळू दे, त्यात चमचाभर तेल टाक, मीठ अजिबात टाकू नकोस. तांदूळ सोडल्यावर झाकण ठेवायचं नाही. पाच-सहा मिनिटांनी एक शीत बोटांत दाबून बघ. बाहेरून मऊ लागलं आणि मधे बारीकशी कणी जाणवली, की गॅस बंद. शितावरून भात ओळखण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, ते तुझ्यावर सोडते. फक्त उकळत्या पाण्याचं पातेलं उचलून चाळणीत ओतायला जाऊ नकोस, तुझं मनगट अजून दुखतंय. झाऱ्याने भात उपसून चाळणीत घाल. पाणी पातेल्यातच राहू दे, गार झाल्यावर बाबा टाकतील.

मग तो भात मोठ्या परातीत पसर, गच्चीवर बिबड्या वाळत घालतेस तसा, एकावर एक थर न येऊ देता. वर जाळी झाक आणि पंख्याखाली ठेव. वाफ गेली, बोटाला गार लागला, की पसरट डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये. भात गार होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाण्यावरचं पाणी उडून जातं. म्हणून तो कढईत सुटा राहतो. गरम भात परतला की त्याचा लगदा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेला भात उत्तम, पण त्याच दिवशी करायचा असेल तर अर्धा-पाऊण तास पंख्याखाली वाळलेला भातही छान परतला जातो. मी बऱ्याचदा तसाच करते.

आता जे सांगायचंय ते नीट ऐका, कारण खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ती याच काळजीने. आपल्याकडे रात्रीचा उरलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर राहतो आणि सकाळी त्याला लसणाची फोडणी बसते. त्या फोडणीच्या भातावर मी शाळा केली आणि तो मला अजूनही कशाहून जास्त आवडतो. पण एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि रात्रीसुद्धा स्वयंपाकघराच्या भिंती तापलेल्याच असतात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यातून विष तयार होतं. हे विष पुन्हा उकळून, परतून जात नाही. १२१ अंश तापमानात दीड तास ठेवूनही ते टिकतं. वास येईल, चव बदलेल, असाही भरवसा नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा या जिवाणूचं हे रूप डॉक्टरांच्या लक्षात आलं. तिथे भात उकडून बराच वेळ बाहेरच ठेवत आणि मग परतत. तरुण माणूस एक दिवस आडवा होतो आणि उठतो. तुमच्या वयात, बीपीची गोळी चालू असताना, ऐन उन्हाळ्यात अंगातलं पाणी गेलं तर सलाइन लावायला धावावं लागतं.

म्हणून भात शिजल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे, मग तो फ्राइड राइसचा असो की सकाळच्या फोडणीचा. दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि एकदा गरम केलेला परत ठेवायचा नाही. लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद दाराआड गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ लाइट नसेल तर तो भात टाकून द्या. आई, अन्न टाकायला तुझा हात धजत नाही हे मला माहीत आहे. पण एक वाटी भाताचं मोल तुमच्या दोघांपेक्षा मोठं नाही. आणि बाबा, गाडीवर भात कधी शिजला आणि कुठे ठेवला होता हे आपल्याला दिसत नाही. मिठाहून मला याची धास्ती जास्त वाटते.

कढईचं सांगते. मी मागच्या वर्षी दिलेला नॉनस्टिक तवा यासाठी काढू नका. ते आवरण २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतं आणि फ्राइड राइसला आच मोठी लागते. तुझी लोखंडी कढईच काढ, जिच्यात शेवभाजीची फोडणी करतेस ती. रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेव, हलका धूर निघाला की दीड चमचा शेंगदाणा तेल, आणि कढई फिरवून तेल सगळीकडे लागू दे. खिडकी उघडी हवी. एका वेळी एकाच माणसापुरता भात परत. चार जणांचा भात एकदम टाकला की कढई थंड पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि सगळं वाफेवर शिजतं, परतलं जात नाही. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्या बर्नरच्या कितीतरी पट असते, म्हणून त्यांना एकदम करता येतं. आपण दोनदा करायचं, इतकंच.

आणि बाबा, गाडीवाला कढई हवेत उडवतो ते बघत तुम्ही उभे राहता, घरी करून बघायचा मोह होईल म्हणून सांगते. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी चिनी आचाऱ्यांचं चित्रीकरण करून २०२० मध्ये त्यामागचं भौतिकशास्त्र मांडलं. आचारी सेकंदाला जवळजवळ तीनदा कढई झटकतात. त्यामुळे भात सतत वर उडतो, प्रचंड आचेवर भाजला जातो पण करपत नाही. त्याच अभ्यासात या आचाऱ्यांच्या खांद्यांच्या दुखण्याचाही विषय आहे. तुमच्या खांद्याला ते झेपणारं नाही. लांब दांड्याचं उलथनं घ्या, तळापासून भात उचलून पालथा करत राहा, दाबू नका. मग अर्धा मिनिट हात आवरून भात तळाशी तसाच राहू द्या. थोडा खमंग वास येतो, दोन-चार दाणे सोनेरी होतात, आणि गाडीवरची ती चव त्यातूनच येते.

भाज्या आधी चिरून, धुऊन, फडक्यावर कोरड्या करून ठेवायच्या, कारण आच मोठी असताना चिरायला वेळ मिळत नाही. गाजर, फरसबी बारीक. कोबी, ढोबळी मिरची जरा मोठी. कांद्याच्या पातीचा पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा. तेलात आधी ठेचलेला नव्हे, बारीक चिरलेला लसूण भरपूर, आलं थोडं, एक हिरवी मिरची, पातीचा पांढरा भाग. लसूण लाल होऊ देऊ नका. मग गाजर आणि फरसबी, मिनिटभराने कोबी आणि ढोबळी मिरची. भाजी दाताखाली करकरीत लागली पाहिजे. त्यावर फ्रिजमधला भात हाताने मोकळा करून घाला, मिरपूड भुरभुरा, सोया सॉस कढईच्या कडेने सोडा म्हणजे तो तापल्या लोखंडावर चुर्र होतो आणि त्याचा कच्चा वास जातो. शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर आणि हिरवी पात. बाबांचं अंडं वेगळ्या छोट्या तव्यावर भुर्जीसारखं करून त्यांच्या ताटात मिसळायचं, म्हणजे आईची कढई विटाळत नाही. खान्देशी काळा मसाला यात घालू नका. मला त्याचा अभिमान आहे, पण तो पडला की सोया आणि लसूण दोन्ही दबतात आणि धड मसालेभात होत नाही, धड फ्राइड राइस.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, १५ मिलिलिटरमध्ये, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. एका चमच्यात जवळजवळ अर्ध्या दिवसाचा वाटा संपला, आणि पापड, लोणचं, शेव अजून बाकीच आहेत. म्हणून दोघांत मिळून सोया सॉसचे चहाचे दोनच चमचे घाला. भाज्यांवर चिमूटभर मीठ, भातात काहीच नाही. सॉसच्या बाटलीवर सोडियम किती ते लिहिलेलं असतं. बाबा, चष्मा लावून दोन बाटल्या शेजारी धरून वाचा आणि कमी असेल ती घ्या. तयार शेजवान चटणी आणू नका, तिच्यातही मीठ भरपूर असतं. सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटायच्या आणि तेलात परतायच्या. तुझ्या हाताला ही चटणी ठेच्याइतकीच सोपी आहे. आणि ते लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते वाढून बसतं.

आई, तुझा अजिनोमोटोचा प्रश्न राहिला. तो घालायलाच हवा असं नाही, मी घालत नाही. पण त्याला विष समजून बाबांशी भांडू नकोस. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कढातून ती चव देणारं ग्लुटामेट शोधून काढलं, आणि तेच पिकलेल्या टोमॅटोतही असतं. अजिनोमोटोत सोडियम असतं, पण साध्या मिठाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं. लसूण आणि मिरपूड पुरेशी असली की त्याची आठवणही होत नाही.

तुझ्या साखरेबद्दलही लिहिते, कारण गार करून गरम केलेल्या भाताने साखर वाढत नाही असं मोबाइलवर फिरतंय आणि शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. फरक पडतो तो थोडासाच. तो भात आहेच. तू अर्धी वाटी भात आणि त्याच्या दुप्पट भाजी घे, वर मटार किंवा पनीर, आणि जेवणानंतरची साखर मोजून मला कळव.

बाबा, गाडीवरचा भात खाताना तुम्ही विचारलं होतं की चीनमध्येही असाच असतो का. नसतो. तिथे यांगझोऊ शहराच्या नावाचा फ्राइड राइस प्रसिद्ध आहे, अंडं आणि कोळंबी घातलेला, फिकट. आपल्या गाड्यांवरची झणझणीत चव भारतातच घडली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात चिनी कुटुंबं येऊन राहिली, पुढे टांगरा भागात चामड्याच्या धंद्यात हाक्का लोकांची वस्ती झाली, आणि त्यांच्या खाणावळींतून हिरवी मिरची, सोया आणि व्हिनेगरचं हे जेवण देशभर पसरलं. मुंबईतल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये चिकन मंचुरियन केलं, ते याच घराण्यातलं.

पहिल्यांदा शनिवारी संध्याकाळीच करा, भात सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. मुलांना सुट्टी लागली की मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते. येताना जुना बासमती आणि लांब दांड्याचं उलथनं घेऊन येते, त्यामुळे ते विकत घेऊ नका. तोवर बीपीच्या वहीचं पान फोटो काढून दर रविवारी पाठवा.

तुमची लेक