वाचनालयाच्या ‘माहिती-मदत टेबला’साठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

हर्णै-आंजर्ले पट्ट्यातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात येत्या गणेशोत्सवापासून रोज संध्याकाळी ५ ते ७ माहिती-मदत टेबल सुरू करायचे ठरले आहे. इंटरनेटवर काही शोधायचे असेल त्याने ग्रंथपालांशेजारी बसायचे आणि दोघांनी मिळून शोधायचे. यासाठी पैसे, यंत्रे आणि माणसे हवी आहेत. माणसांची गरज सर्वांत जास्त.

मोबाइल घरोघरी असताना ग्रंथपाल कशाला, असे कुणीही विचारील. अडचण असते ती नेमके काय विचारायचे इथे. ‘आंब्याचा मोहोर काळा पडला’ एवढेच टाकले तर औषध विकणाऱ्यांचे व्हिडिओ वर येतात. ग्रंथपाल आधी विचारतील, पाने हाताला चिकट लागतात का? लागत असतील तर मूळ दुखणे बहुधा तुडतुडे या किडीचे. त्यांच्या गोड, चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. मग शोधायचा शब्द ‘तुडतुडे’, आणि शोधायची जागा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षण वेळापत्रक, तेही चालू हंगामाचे. जुन्या वेळापत्रकातल्या एखाद्या औषधावर पुढे बंदी आलेली असू शकते. रोगाचे निदान मात्र कृषी खात्याच्या माणसाकडूनच करून घ्यावे. टेबलावर योग्य कागद तेवढा मिळेल.

नावांचा घोळ तर विचारूच नका. समोर पाण्यात उभ्या सुवर्णदुर्गाची माहिती मुले देवनागरीत शोधतात आणि सहलीचे फोटो घेऊन परततात. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला घेतला, त्या काळचे इंग्रजी कागद हवे असतील तर इंग्रजांनी किल्ल्याला पाडलेले ‘सेव्हर्नड्रूग’ हे नाव रोमन लिपीत टाकावे लागते. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरात सावंतवाडीच्या दोन्ही ‘व’ला ‘व्ही’ आहे. आजचे स्पेलिंग टाकले तर पान सापडत नाही.

मराठी कागदांचे आणखी एक दुखणे आहे. युनिकोड ही कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी टाइप झालेली कितीतरी परिपत्रके श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत आहेत. डोळ्याला मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, म्हणून मराठी शब्द टाकून ती येत नाहीत. स्कॅन केलेला कागद तर नुसते चित्र असतो. अशा वेळी मजकुरातले शब्द सोडून विभागाचे नाव, तारीख किंवा शासन निर्णयाचा सांकेतांक धरून जावे लागते. फक्त सरकारी पाने हवी असतील तर शोधशब्दापुढे ‘साइट’ रोमन लिपीत, लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता जीओव्ही डॉट इन. जागा सुटली की युक्ती फसते.

सर्वांत महागात पडते ती घाई. ‘प्रायोजित’ लिहिलेला वरचा निकाल म्हणजे जाहिरात. बँकेचा मदत क्रमांक शोधनिकालातून उचलू नये, तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० ला फोन. सातबारा फुकट बघता येतो, पण तो कायदेशीर कामाला चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. टेबलावर कुणाचाही ओटीपी विचारला जाणार नाही, आधार क्रमांक वहीत लिहिला जाणार नाही, आणि उतरवून घेतलेली फाइल छापून झाली की त्या माणसासमोरच पुसली जाईल.

खर्चाचा अंदाज असा: दोन संगणक ७०,००० रुपये, दोन यूपीएस ६,०००, स्कॅनरसह लेझर प्रिंटर १८,००० आणि वर्षभराचे इंटरनेट ७,२००, एकूण १,०१,२०० रुपये. यूपीएस ही चैन नव्हे. पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा जाते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि अर्धवट भरलेला अर्ज दर वेळी पहिल्यापासून भरावा लागतो. देणगी कार्यालयात रोख किंवा वाचनालयाच्या नावे धनादेशाने द्यावी, पावती आवर्जून घ्यावी.

चाकरमान्यांनी गणपतीला येताना वापरलेला संगणक आणला तरी चालेल, पण तो किमान ८ जीबी रॅमचा आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असलेला हवा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नियमित सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत, म्हणून जुन्या यंत्रावर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालू. २ जीबीची यंत्रे आणि जाडजूड काचेचे मॉनिटर कृपया आणू नका. खारी हवा त्यांचे उरलेसुरले आयुष्य संपवते आणि भंगार उचलायचे काम आमच्या गळ्यात पडते.

आठवड्यातून दोन तास देणारे आठ स्वयंसेवक हवे आहेत. देवनागरी टंकलेखन यायला हवे आणि समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यायची सवय हवी. बाकीचे ग्रंथपाल दोन रविवारी शिकवतील. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी यांनी जरूर यावे, कारण कोणता कागद कुठल्या कार्यालयातून निघतो हे त्यांना तोंडपाठ असते.

नावे श्रावण संपण्यापूर्वी वाचनालयात नोंदवावीत. संगणक आणताना आधीची खाती आणि फाइली पुसून, पॉवर केबलसकट, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून आणावा; गाडीच्या टपावर ठेवू नये.

कार्यकारी मंडळ