पावसासाठी तारीख पुढे जाते, आजारी मुलांसाठी का नाही? जपानच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

सप्टेंबर २०२१

प्रति,
श्री. कोइची हागिउदा,
शिक्षण, संस्कृती, क्रीडा, विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
जपान सरकार, तोक्यो

महोदय,

उच्च माध्यमिक शाळांची १०३वी राष्ट्रीय बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धा २९ ऑगस्टला कोशिएन मैदानावर संपली. अंतिम सामन्यात चिबेन वाकायामा शाळेने चिबेन गाकुएन या आपल्याच भगिनी शाळेला ९-२ असे हरवले. विजेत्यांचे मनापासून अभिनंदन. मात्र हे पत्र जिंकलेल्या किंवा हरलेल्या मुलांविषयी नसून ज्यांना कोरोनामुळे खेळताच आले नाही अशा मुलांविषयी आहे.

मी मूळची पुण्याची असून ह्योगो प्रांतात राहते, आणि माझा मुलगा येथील माध्यमिक शाळेच्या बेसबॉल पथकात आहे. या पत्राची जपानी प्रत आपल्या मंत्रालयाकडे रवाना केली आहे. मराठीतून ते जाहीर करण्याचे कारण असे की, महाराष्ट्रातही यंदा दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या, मैदाने ओस पडली, आणि मुलांचे हे वाया गेलेले वर्ष कोणाच्या हिशेबात धरायचे हा प्रश्न तेथील पालकांनाही तितकाच टोचतो आहे. त्या वाचकांसाठी एवढेच सांगते की, जपानच्या ४७ प्रांतांतून ४९ शाळा या स्पर्धेत येतात (तोक्यो आणि होक्काइदो यांचे दोन-दोन संघ असतात), पहिल्या फेरीपासूनच ती बाद पद्धतीची असते, आणि तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तेथे हरणे म्हणजे शालेय बेसबॉल संपणे. १९१५ पासूनच्या या परंपरेत १९१८ साली तांदळाच्या दंगलींमुळे आणि १९४१ साली युद्धामुळे स्पर्धा रद्द झाली होती. युद्धानंतर ती प्रथमच रद्द झाली २०२० मध्ये, महासाथीमुळे. यंदा तिसऱ्या वर्षात असलेल्या मुलांचा गेल्या वर्षीचा उन्हाळा असा आधीच हातचा गेलेला होता.

म्हणून या वर्षी स्पर्धा झाली याचा मला आनंदच आहे. ऑलिंपिक भरवता येते आणि मुलांची स्पर्धा मात्र भरवता येत नाही, असे म्हणण्याला कोणताही आधार उरला नव्हता. आयोजकांनी खेळाडूंच्या पीसीआर चाचण्या केल्या, सर्वसामान्य प्रेक्षकांना प्रवेश न देता शाळांशी संबंधित लोकांनाच आत सोडले, आणि २० ऑगस्टपासून ह्योगोत आणीबाणी लागू झाल्यावरही, देशातील रोजची रुग्णसंख्या २५ हजारांवर गेलेली असताना, स्पर्धा तडीस नेली. हे काम सोपे नव्हते, आणि त्या परिश्रमांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

तरीही दोन शाळा मैदानाबाहेरच हरल्या. मियाझाकी शोग्यो शाळेच्या संघात संसर्ग पसरला आणि पहिला सामना खेळण्याआधीच त्यांना माघार घ्यावी लागली. उद्घाटनाच्या संचलनात चाललेली ती मुले एकही चेंडू न खेळता घरी परतली. त्यांचे प्रतिस्पर्धी होते चिबेन वाकायामा, ज्यांना पुढे चाल मिळाली आणि जे अखेर विजेते ठरले. दुसरी शाळा सेंदाईतील तोहोकु गाकुइन. कोशिएनच्या उन्हाळी स्पर्धेत प्रथमच आलेल्या या संघाने पहिल्याच सामन्यात आइकोदाई मेइदेन या नावाजलेल्या संघाला ५-३ असे हरवले होते. त्यानंतर त्यांच्यातील एका खेळाडूची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि शाळेने माघार जाहीर केली. शाळेने दिलेले कारण मी पुन्हा पुन्हा वाचले आहे: संघ मैदानात उतरला असता, तर बाधित मुलगा कोणता हे लोकांनी ओळखले असते.

महोदय, हे कारण वैद्यकीय नाही. एका मुलाकडे उद्या देशभरातून बोट दाखवले जाईल, या धास्तीपोटी शाळेने संपूर्ण संघ मागे घेतला, आणि ती धास्ती अनाठायी होती असे कोणीही म्हणू शकणार नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मात्सुए येथील एका शाळेच्या फुटबॉल पथकात मोठ्या प्रमाणावर संसर्ग झाला, तेव्हा शाळेला शिवीगाळ करणारे फोन आले आणि मुलांची छायाचित्रे इंटरनेटवर फिरवली गेली. त्याच महिन्यात आपण स्वतः विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांना उद्देशून निवेदन काढले होते. संसर्ग कोणालाही होऊ शकतो, बाधितांना दोष देऊ नका, बरे होऊन परतणाऱ्या मित्राला सामावून घ्या, असा त्याचा आशय होता. ते निवेदन माझ्या मुलाच्या शाळेतून घरी आले, आम्ही ते एकत्र बसून वाचले, आणि परक्या देशात मूल वाढवणाऱ्या आईला त्याचा किती आधार वाटला हे मला आपल्याला मुद्दाम सांगायचे आहे. बरोबर एका वर्षाने, देशातील सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या शालेय स्पर्धेत, एका मुलाची ओळख लपवण्यासाठी त्याच्या सगळ्या सवंगड्यांना सामना सोडावा लागला. आपले शब्द खरे होते, पण ते स्पर्धेच्या नियमांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

नियम म्हणावेत, तर तेही प्रांतागणिक वेगळे. जुलैमध्ये तोत्तोरी प्रांतात योनागो शोइन शाळेशी संबंधित एक व्यक्ती बाधित निघाली. संघातील एकाही मुलाला संसर्ग नव्हता, तरीही संघाला माघार घ्यावी लागली. कर्णधाराने समाजमाध्यमावर जाहीर विनंती केली, देशभर चर्चा झाली, निर्णय फिरला, आणि काही दिवसांनी झालेला तो सामना योनागो शोइनने शेवटच्या डावात ३-२ असा जिंकलाही. या प्रसंगाकडे सुखान्त म्हणून पाहिले गेले. मला मात्र तो अस्वस्थ करतो, कारण न्याय मिळवण्यासाठी शाळकरी मुलाला साऱ्या देशापुढे हात जोडावे लागले. ज्यांच्यासाठी अशी हाक कोणी दिली नाही ते संघ निमूट बाहेर पडले. त्याच उन्हाळ्यात इशिकावातील सेइर्यो आणि वसंत ऋतूत होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेचे यंदाचे विजेते तोकाई सागामी हे दोन्ही संघ आपापल्या प्रांताच्या उपांत्यपूर्व फेरीतच संसर्गामुळे बाहेर गेले.

आणि याच देशात, याच महिन्यांत, ऑलिंपिकसाठी दुसरी वाट काढली गेली होती. बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्या खेळाडूची सामन्याआधीच्या सहा तासांतील चाचणी निगेटिव्ह आली, तर त्याला खेळता येत होते. दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉल संघात रुग्ण सापडले होते, तरी २२ जुलैला तोक्योत जपानविरुद्धचा त्यांचा सामना झाला. मोठ्यांच्या स्पर्धेसाठी जी यंत्रणा, पैसा आणि कल्पकता लावली गेली, तिचा काही भाग तरी मुलांच्या वाट्याला यायला हवा होता.

तारखांचे म्हणावे तर या वर्षी पावसाने स्पर्धेचे वेळापत्रक पार विस्कटून टाकले. ओसाका तोइन आणि तोकाई सुगाओ यांच्या सामन्यात मैदानाचे असे तळे झाले की जमिनीवरून मारलेला चेंडू चिखलात जागच्या जागी रुतून थांबला, आणि आठव्या डावात खेळ थांबवून निकाल द्यावा लागला. सामने वारंवार पुढे ढकलले गेले, अंतिम सामना ऑगस्टच्या अखेरीवर गेला, आणि तोवर संघ आपापल्या हॉटेलांत वाट पाहत राहिले. पावसासाठी जर इतके दिवस काढता आले, तर ज्या संघात संसर्ग आहे त्याचा सामना फेरीच्या शेवटी टाकून त्याला थोडा अवधी देणे अशक्य का ठरावे? असा अवधी मिळाला असता तरी मियाझाकीच्या मुलांना खेळता आलेच असते असे मी म्हणत नाही. पण तो देण्याची सोय नियमांतच नव्हती, ही गोष्ट मला सलते.

रोज सकाळी मी मुलाचे तापमान मोजून शाळेच्या तक्त्यात लिहिते आणि खाली सही करते. देशभरातील लाखो आया-वडील हेच करत असतील, आणि सगळी खबरदारी त्या एका रकान्याच्या खरेपणावर उभी आहे. एका मुलाच्या नावापुढे ३७.८ लिहिले तर सगळा संघ घरी जाणार, तीन वर्षांची मेहनत बुडणार, आणि त्याचे खापर त्याच मुलावर फुटणार, हे ज्या घराला ठाऊक आहे त्या घराने खरा आकडा लिहावा अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? लपवणाऱ्याचा फायदा आणि सांगणाऱ्याचे नुकसान करणारा नियम मुलांना सुरक्षित ठेवत नाही. तो आजाराला दारामागे ढकलतो, आणि तिथून तो अधिक पसरतो.

स्पर्धा आपले मंत्रालय भरवत नाही. ती उच्च माध्यमिक बेसबॉल महासंघ आणि आसाही वृत्तपत्र भरवतात, याची मला जाणीव आहे. परंतु शालेय क्रीडापथके ही शिक्षणाचाच भाग मानली जातात आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना आपल्याकडूनच जातात. त्या अधिकारात आपण पुढील गोष्टी घडवून आणाव्यात अशी माझी विनंती आहे. एखाद्या मुलाला झालेला संसर्ग आणि संघात पसरलेला संसर्ग यांत सर्व प्रांतांत एकच स्पष्ट भेद असावा, आणि तो ठरवताना आरोग्य विभागाचा शब्द अंतिम असावा. बाधित संघाचा सामना पुढे ढकलण्यासाठी वेळापत्रकात राखीव दिवस ठेवावेत. आणि ज्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे ती गोष्ट अशी: कोशिएनला १८ खेळाडूंची यादी आधी ठरते आणि तिच्यातील प्रत्येक बदल डोळ्यांत भरतो, त्याऐवजी प्रत्येक संघाला मोठी यादी देऊन, प्रत्येक सामन्याआधी कोणतेही कारण न सांगता त्यातून १८ जण निवडण्याची मुभा द्यावी. सगळ्याच संघांत रोज नावे बदलू लागली, तर बाकावर न दिसणाऱ्या मुलाकडे कोणी वळून पाहणार नाही, आणि तोहोकु गाकुइनपुढे उभा राहिला तसा पेच पुन्हा कोणत्या शाळेपुढे येणार नाही.

पुढील वसंतातील स्पर्धेचे संघ ज्यांवरून निवडले जातात ते शरद ऋतूतील सामने आता सुरू होत आहेत. त्यामुळे या सूचना याच महिन्यात निघाव्यात.

आणखी एक मागणी आहे. गेल्या वर्षी वसंत स्पर्धा रद्द झाल्यावर तिच्यासाठी निवडलेल्या ३२ शाळांना ऑगस्टमध्ये कोशिएनवर बोलावून प्रत्येकी एक सामना दिला गेला होता. त्या सामन्यांतून कोणी विजेता ठरणार नव्हता, तरी मुले जीव तोडून खेळली. यंदा माघार घ्यावी लागलेल्या शाळांतील तिसऱ्या वर्षाची मुले मार्चमध्ये शाळा सोडतील. त्याआधी मियाझाकी शोग्यो आणि तोहोकु गाकुइन या दोन शाळांना एक दिवस कोशिएनवर एकमेकींविरुद्ध खेळू द्यावे, यासाठी आपण महासंघाला आणि मैदानाच्या व्यवस्थापनाला पत्र लिहावे. शक्य झाल्यास प्रांतांच्या फेऱ्यांतून बाहेर पडलेल्या संघांसाठीही त्या-त्या प्रांतात असा एक दिवस काढावा.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक पालक
निशिनोमिया, ह्योगो प्रांत