बाबा, कॉफी औषध म्हणून नको

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, 'कॉफीने कॅन्सर टळतो, आमची मुलगी व्हिएन्नात त्यावरच संशोधन करते' असं तुम्ही सकाळच्या फिरायच्या मंडळींत सांगून टाकलंत, हे आईकडून कळलं. वर स्वतः दिवसाला चार-पाच कप सुरू केलेत म्हणे. फोनवर तुम्ही मध्येच 'म्हणजे फायदा आहे ना?' विचारता आणि माझं सांगणं अर्धवट राहतं, म्हणून लिहूनच कळवते.

कॉफीच्या बियांमध्ये तेल असतं आणि त्या तेलात काफेस्टॉल आणि काह्वेओल ही दोन द्रव्यं. १९८२ साली अमेरिकेत, मिनेसोटात, न भाजलेल्या बियांमधून ती वेगळी काढून उंदरांना दिली, तर त्यांच्या यकृतातलं ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम वाढलं. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवावं तसं हे एन्झाइम विषाच्या रेणूला ग्लुटाथायोन हा शरीरातलाच एक छोटा रेणू जोडून देतं. मग त्याची खोडी काढायची ताकद जाते आणि ते शरीराबाहेर टाकणंही सोपं होतं. पुढे ही द्रव्यं खाद्यातून दिलेल्या उंदरांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष डीएनएला कमी चिकटतं, हेही दिसलं. पण त्या खाद्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं की कपाने तिथवर पोचायचा विचारच सोडा.

मी करते ते याच्या पुढचं. १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. त्या पेशींना आधी कॉफीतलं द्रव्य द्यायचं, मग विष. नंतर एकेक पेशी जेलमध्ये बसवून वीजप्रवाह सोडायचा. डीएनए तुटला असेल तर त्याचे तुकडे पेशीच्या केंद्रकातून बाहेर ओढले जाऊन मागे शेपूट दिसतं. या चाचणीला धूमकेतू चाचणीच म्हणतात. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली शेपटं मोजायची, हा माझा धंदा! शेपूट आखूड दिसलं की आनंद होतो, पण ती प्लास्टिकच्या ताटलीतली पेशी असते, बाबा, माणूस नव्हे.

आता गोम ऐका. तेच काफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतं. १९८३ साली नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत कॉफी जास्त पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आढळलं. तिकडे तेव्हा पूड पाण्यात उकळून प्यायची रीत होती. नंतर नेदरलँड्सच्या संशोधकांनी कारण याच तेलात शोधलं. कागदी गाळणी तेल अडवते, आपली स्टीलची अडवत नाही. इन्स्टंट कॉफीत ते जवळपास नसतंच. म्हणजे ज्या द्रव्याच्या भरवशावर तुम्ही पिताय ते एक तर कपात नाही, किंवा असलं तर तुमच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या विरोधात आहे.

तरी तुमचं सगळंच चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी कॉफीला संशयितांच्या यादीत घातलं होतं. २०१६ मध्ये तो ठपका काढला आणि कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा व गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी दिसतो असंही नोंदवलं. पण ही माणसांकडे नुसतं बघून केलेली नोंद आहे, प्रयोग नव्हे; कॅन्सर कॉफीमुळेच कमी झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही. कॉफी न पिणाऱ्याने त्यासाठी सुरू करावी, असं मी तरी कुणाला सांगणार नाही. आवडत असेल तर दोन कप प्या, साखर कमी घालून, आणि संध्याकाळनंतर नको; आई म्हणते तुम्ही रात्री दोनला उठून पेपर वाचत बसता.

कर्करोग संस्थेच्या २०१६ च्या त्याच बैठकीत ६५ अंशांहून गरम पेयांना अन्ननलिकेसाठी बहुधा घातक ठरवलं. चहा बशीत ओतून पिण्यावरून मी तुम्हाला लहानपणी हसायचे, ते मागे घेते. बशीत चहा चटकन निवतो.

यकृताची खरंच काळजी असेल तर कोठीतल्या शेंगांकडे बघा. अफ्लाटॉक्सिन तिथूनही पोटात जातं. आई, पोतं ओलीला लागून ठेवू नकोस. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे कुटात घालू नकोस. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही. 'टाकवत नाही' म्हणशील, तरी टाक. गुरांनाही घालू नकोस, दुधात उतरतं.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा.

तुमची,
मनू