संत्र्याची बाग वर्षभराच्या कर्जावर उभी राहत नाही : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

नाबार्ड, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँक, आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. माझं घर नागपुरात, बाग काटोल तालुक्यात. मागणी एकच आहे. फळबागेसाठी लांब मुदतीचं कर्ज आमच्या तालुक्यातल्या शाखांमधून खरोखर मिळावं, आणि ते मिळतं की नाही हे पाहण्याची जबाबदारी नाबार्डवर असावी.

संत्र्याची कलमं लावल्यावर विकण्याजोगं फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर खड्डे, ठिबक, कुंपण, डिंक्या रोगासाठी बोर्डो हे औषध, उन्हाळ्यात टँकर असा नुसता खर्च. राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचं अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. त्याचा मोठा आधार आहे. पण चौथं आणि पाचवं वर्ष कशावर काढायचं? आमच्याकडे ते पीक कर्जावर काढतात. कपाशीच्या नावावर उचललेला पैसा बागेत जातो आणि झाडाला फळ नसताना वर्षाच्या आत परत भरावा लागतो.

मग मार्चअखेर येते आणि गावोगाव ‘नवंजुनं’ सुरू होतं. ओळखीच्या अडत्याकडून किंवा सावकाराकडून चार-आठ दिवसांसाठी रक्कम उचलायची, कर्जखात्यात भरायची, नवं कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि तेच पैसे व्याजासकट त्याच्या हातात ठेवायचे. त्या चार दिवसांचं व्याज समोरच्याची निकड पाहून ठरतं. बँकेच्या दप्तरी मात्र ही वेळेवर झालेली परतफेड असते. मॅडम, वसुलीचा आकडा आपल्यापर्यंत पोचतो, तेव्हा त्यात सावकाराचा किती पैसा फिरून आला आहे हे दिसत नाही.

नाबार्डची स्थापना 12 जुलै 1982 ला झाली, शिवरामन समितीच्या शिफारशीवरून. ती शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाही. जिल्हा बँका, ग्रामीण बँका, व्यापारी बँका कर्ज देतात आणि नाबार्ड त्यांना पुनर्वित्त, म्हणजे त्या कर्जांसाठी पैसा, पुरवते. विहीर, पंप, फळबाग, गोठा अशा शेतीतल्या गुंतवणुकीला पैसा मिळावा हा तिच्या कामाचा गाभा. पण तो पैसा खाली नेणारे पाटच आमच्याकडे आटले. वडिलांच्या पिढीला विहिरीसाठी भूविकास बँक होती. ती अवसायनात गेली, म्हणजे तिचा कारभार गुंडाळला गेला, आणि 2022 मध्ये राज्य सरकारला तिच्या कर्जदारांचे सुमारे 964 कोटी रुपये माफ करावे लागले. तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. नागपूर, वर्धा, बुलढाण्याच्या जिल्हा बँका डबघाईला आल्या, तेव्हा गावच्या सोसायटीचा सभासद वाऱ्यावर पडला. नागपुरात मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली.

आता व्याजाचं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज 7 टक्क्यांनी मिळतं, वेळेवर फेडलं तर 4 टक्के पडतं, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेमुळे शून्यावर येतं. बागेच्या मुदत कर्जाला, म्हणजे काही वर्षांत हप्त्यांनी फेडायच्या कर्जाला, यातली एकही सवलत नाही. साहजिकच शेतकरी तिकडे फिरकत नाही आणि बँकही आग्रह धरत नाही. एका शाखेत मला सांगण्यात आलं, “पीक कर्ज वाढवून देतो, मुदत कर्जाच्या भानगडीत पडू नका.” सांगणारा भला माणूस होता. मुदत कर्जाची फाइल पुढे सरकत नाही हे त्याला ठाऊक होतं.

हे दुखणं सरकारला नवीन नाही. दीर्घ मुदतीच्या कृषी कर्जाचा वाटा घसरतो आहे हे ओळखूनच 2014-15 च्या अर्थसंकल्पात नाबार्डमध्ये 5,000 कोटींचा दीर्घकालीन ग्रामीण पत निधी उभारला गेला. त्यातलं किती कर्ज काटोल-नरखेडच्या बागांपर्यंत आलं, हे मला बँकेच्या कोणत्याही काउंटरवर कळलेलं नाही.

नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा पत आराखडा काढते. कोणत्या कामाला किती कर्जाला वाव आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच पानावर, त्याच रकान्यासमोर, प्रत्यक्ष वाटलेलं मुदत कर्ज बँकनिहाय छापायला लावा. व्याज सवलत फळबागेच्या कर्जालाही द्या. हप्ता पहिल्या बहरानंतरच सुरू होईल, ही अट नाबार्डच्या पुनर्वित्तालाच जोडा, म्हणजे ती शाखाधिकाऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही.

आणखी एक. ज्या बँका आपल्या कर्जातला 18 टक्के वाटा शेतीला देण्याचं उद्दिष्ट गाठत नाहीत, त्यांचा तुटीचा पैसा नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीत जमा होतो. 1995-96 पासून त्यातून रस्ते, पूल, सिंचनाची कामं झाली, ती हवीच होती. परंतु तो मुळात शेतकऱ्याला कर्ज म्हणून मिळायचा पैसा होता. त्यातला ठरावीक हिस्सा ग्रामीण आणि जिल्हा बँकांमार्फत दीर्घ मुदतीच्या शेतीकर्जासाठी राखून ठेवा.

पावसाळा लागला की आमच्याकडे नव्या लागवडी सुरू होतील. त्याआधी हा निर्णय झाला, तर यंदा कलमं लावणाऱ्याला येत्या मार्चमध्ये सावकाराकडे जावं लागणार नाही.

आपला नम्र,
काटोल तालुक्यातील एक संत्रा उत्पादक
नागपूर