गंधार कुठून आला?

सातारा,
१७ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळं क्षेमकुशल आहे. व्हॉट्सॲपवरच लिहिणार होतो, पण तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून म्हटलं, कागदच घेऊ.

गोथेनबर्गला जाऊन तुला सहा वर्षं झाली. थंडी, टॅक्स आणि कोथिंबिरीचा भाव यापलीकडे तू मला काही कळवलं नाहीस. मॅकिनी सुप्रिमसी हे नाव तरी ऐकलंयस का? तुझ्याच स्वीडनमधला मेटल बँड, म्हणजे गिटारी-ड्रमचा दणदणाट करणारा. गाव लुलेओ, पार उत्तरेला, तुझ्यापासून रस्त्याने हजारावर किलोमीटर. २००० साली सुरू झालेला. त्यांचा २००८ चा 'ओव्हरवर्ल्ड' हा अल्बम महिनाभर माझ्या मानगुटीवर बसलाय.

झालं काय, रात्री हेडफोन लावून पडलो होतो. ड्रम धडाडतायत, गिटारी करवतीसारख्या चालल्यायत, आणि मध्येच वरून 'टिर्रर्र टिर्रर्र'. मी हेडफोन काढला. वाटलं, पोरगं चोरून मोबाइलवर गेम खेळतंय. ते बिचारं गाढ झोपलेलं. आवाज गाण्यातलाच होता.

मग रे काय, मन थेट तुझ्या आत्याच्या घरी. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याला जोडलेलं व्हिडिओ गेमचं खोकं, ट्यूनिंगच्या बटणात खोचलेली आगकाडी, आणि '९९९९ इन वन'ची पिवळी कॅसेट, जिच्यात मोजून सात गेम निघाले. कॅसेट चालली नाही की तू फुंकर मारायचास, आणि फुंकर कमी, थुंकी जास्त. माझा नंबर यायच्या आत लाइट जायचे. कॉन्ट्रा ह्या गेमच्या पहिल्या लेव्हलची धून मात्र अजून झोपेत म्हणून दाखवीन.

आपलं ते खोकं म्हणजे जपानी निन्टेन्डोची नक्कल. ह्या बँडचा 'टिर्रर्र' मात्र वेगळ्या चिपचा, कमोडोर ६४ ह्या १९८२ च्या कॉम्प्युटरमधला. चिपचं नाव सिड. बॉब यानेस नावाच्या इंजिनिअरने केली, आणि गड्याला नुसती पिकपिक नको होती, त्याला खरा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्यच, चिपमध्ये बसवायचा होता. म्हणून तिच्यात फिल्टर वगैरेसुद्धा आहेत. आता गंमत ऐक. जुन्या सिड घेऊन त्यांचं वाजवायचं यंत्र केलं एलेक्ट्रॉन कंपनीने, 'सिडस्टेशन' नावाचं. ही कंपनी तुझ्या गोथेनबर्गची! चिप बनायच्या केव्हाच बंद झाल्या होत्या. उरलेला साठा संपला, यंत्रही संपलं. ह्या बँडने तेच वाजवलंय. आणि तू तिथे बसून मला कोथिंबिरीचा भाव सांगतोस.

पण मला खरं सांगायचंय ते पुढेच. आधी मला वाटलं, गिटारींवर गेमचे आवाज शिंपडलेत, भेळेवर शेव टाकावी तसे. तसं नाहीये. तुला आठवतं, मी तीन महिने गिटारच्या क्लासला जात होतो? तिथे एवढं कळलं की डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला, की पूर्ण कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, वाजवता येत नाही, नुसता गढूळ गोंगाट होतो. म्हणून मेटलवाले सा आणि प एवढंच धरतात. गंधारच नाही! आणि गंधार नाही म्हटल्यावर सूर हसतोय की रडतोय, कोण सांगणार?

आता चिपची अडचण बघ. एका वेळी तीनच आवाज. एक खर्जाला गेला, एक ड्रमला, उरला एक. मग त्या काळच्या संगीतकारांनी युक्ती काढली: कॉर्डचे सूर एकामागून एक, सेकंदाला पन्नासच्या वेगाने फिरवायचे, कान आपोआप सांधून घेतो. तोच तो 'टिर्रर्र'. त्यात गंधार स्वच्छ ऐकू येतो. 'ओव्हरवर्ल्ड' ऐकताना माझ्या कानाला हेच सापडलं. गिटारी सा-प धरून रेड्यासारख्या उभ्या, आणि गंधार शुद्ध की कोमल ते वरून ही एवढीशी चिप ठरवते. आणि गिटार नि चिप एकमेकांना परके वाटत नाहीत, कारण डिस्टॉर्शन म्हणजे तरी काय, आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटून ती सपाट करायची. चौकोनी लाट, जी चिपची मूळचीच. सख्खे नसले तरी चुलतभाऊ.

सगळंच गोड आहे असं नाही. गायकाचा आवाज नाकातला, पहिल्यांदा हमखास खटकतो. आमच्या सौ. म्हणाल्या, "ह्याला सर्दी झालीय का?" मधली दोन-तीन गाणी एकाच साच्यातली. आणि ब्रिटनी स्पीअर्सचं एक गाणं त्यांनी गिटारी आणि सिड घेऊन वाजवलंय, ते ऐकून मी स्वयंपाकघरात एकटाच हसत होतो.

तू ऐकशील तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस. खर्ज गेला तर निम्मं जेवण गेलं.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
नान्या

ता.क. तिकडे जुन्या बाजारात कधी 'सिडस्टेशन' दिसलं तर किंमत विचारून ठेव. मला फोन कर, घरच्या नंबरवर नको. आणि आत्याच्या माळ्यावर आपलं खोकं सापडलं. ॲडॅप्टर जळलाय, पण कॅसेट आहे. फुंकर मी मारीन.